म्युझिकलमधला कलाकार जास्त दमतो की मैदानावरचा खेळाडू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगी १९ वर्षांची आहे. शाळेत असताना ४०० मीटर धावायची, आता दोन वर्षं म्युझिकल थिएटरचं, म्हणजे नाचत-गात करायच्या नाटकांचं, प्रशिक्षण घेते आहे. तिचे जुने प्रशिक्षक म्हणतात की नाचगाणं ठीक आहे, पण खरा घाम मैदानावरच गळतो. मुलगी मात्र तालमीहून येते ती थेट आडवी होते, आणि गेले तीन आठवडे उजवी नडगी दुखतेय म्हणते. कोणाचं बरोबर, आणि तिनं शरीराची तयारी कशी करावी, असं तुम्ही विचारलंत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पहिली नऊ वर्षं फुटबॉलपटू आणि धावपटूंबरोबर गेली, त्यानंतरची चौदा रंगमंचावर नाचत गाणाऱ्यांबरोबर. त्यामुळे दोन्हीकडची शरीरं हाताखालून गेली आहेत आणि या प्रश्नावर माझं ठाम मत आहे. ते सांगतेच. नडगीबद्दल मात्र अगदी शेवटी लिहिलंय. वेळ कमी असेल तर आधी ते वाचा. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल.

आधी प्रशिक्षकांची बाजू, कारण ते चुकीचं बोलत नाहीत. एका क्षणाला शरीर किती ताणलं जातं एवढंच मोजायचं असेल, तर खेळाडू पुढे आहे. ४०० मीटरची शेवटची १०० मीटर आठवा : पायांत शिसं ओतल्यासारखं होतं, नजर धूसर होते, शरीर जे काही देऊ शकतं ते सगळं काढून घेतलेलं असतं. म्युझिकलमधला कुठलाही नाच इतकं मागत नाही, आणि मागूही शकत नाही, कारण तसं झालं तर पुढची ओळ कोण गाणार? प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता घेतली तरी तेच. लांब पल्ल्याच्या अव्वल धावपटूत ती दर किलो वजनामागे मिनिटाला ७० ते ८५ मिलिलिटर भरते, चांगल्या फुटबॉलपटूत ५५ ते ६५, आणि व्यावसायिक नर्तकांत बहुतेकदा त्याहून बरीच खाली. फुटबॉलपटू ९० मिनिटांत १० ते १२ किलोमीटर पळतो, तेही समोरचा कुठे वळेल याचा पत्ता नसताना, धक्के खात. रंगमंचावर कोणी तुमचा पाय ओढायला धावून येत नाही. गुडघ्याचा अस्थिबंध एका झटक्यात तुटण्याच्या ज्या भयंकर दुखापती मी मैदानावर पाहिल्या, त्या रंगमंचावर मला क्वचितच दिसल्या.

पण प्रशिक्षकांच्या हिशेबात दोन गोष्टी धरलेल्याच नाहीत. एक श्वास आणि दुसरी दिनदर्शिका. माझ्या मते सगळा फरक या दोन ठिकाणी आहे, आणि त्यातही श्वासाचा जास्त.

धावणाऱ्याचा श्वास संपूर्णपणे त्याच्या पायांच्या सेवेला असतो. शांत बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत-बाहेर करतो. जोरात धावताना हाच आकडा १०० लिटरच्या पुढे जातो आणि श्वास मिनिटाला ४०-५० वेळा चालतो. धाप लागते ती यासाठीच : स्नायूंनी तयार केलेला कार्बन डायऑक्साइड लवकरात लवकर बाहेर फेकायचा असतो. धावणाऱ्याला तोंड उघडं टाकून, खांदे उडवून, हवा तसा श्वास घ्यायची मुभा असते. त्याला कोणी काही म्हणत नाही.

आता गाणाऱ्याचं बघा. गाण्याची ओळ मागते की श्वास अर्ध्या सेकंदात, आवाज न करता आत घ्या आणि मग सहा, आठ, कधी दहा सेकंद थोडाथोडा, एकसारख्या दाबानं सोडा. म्हणजे मिनिटाला सात-आठच श्वास. पाय म्हणतात चाळीस दे, गळा म्हणतो आठच घे. हे दोघं एकाच वेळी, एकाच छातीत भांडत असतात. ओळ धरून ठेवली की कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि श्वास घेण्याची अनावर ओढ लागते. पाण्याखाली डोकं असताना लागते तशीच. त्या ओढीला न जुमानता सूर स्थिर ठेवायचा आणि चेहऱ्यावर आनंद. गाणाऱ्यांच्या भाषेत ज्याला आपण दमसास म्हणतो, तो इथे नाचणाऱ्या पायांशी वाटून घ्यावा लागतो. खेळांत याच्या जवळ जाणारा एकच प्रकार मला सुचतो, तो म्हणजे कलात्मक जलतरण. तिथेही श्वास रोखून पाय चालवायचे असतात आणि वर आल्यावर हसायचं असतं. त्या जलतरणपटूंबद्दल मला फार आदर आहे. पण त्यांनाही गावं लागत नाही.

याच्याखाली आणखी एक बारकावा आहे, आणि तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. जड वस्तू उचलताना किंवा उंचावरून जमिनीवर उतरताना आपण नकळत क्षणभर श्वास कोंडतो. स्वरयंत्र मिटतं, पोटात दाब तयार होतो आणि कण्याला आतून आधार मिळतो. वजन उचलणारे हे मुद्दाम करतात. टेनिसपटू फटका मारताना हुंकार देतात, तोही याच दाबाशी जोडलेला आहे. गाणारीला मात्र सुराच्या मध्यात स्वरयंत्र मिटताच येत नाही. मिटलं की सूर तुटला. म्हणजे जोडीदाराला उचलताना किंवा उडी झेलताना कण्याला आधार द्यायचा, पण श्वासाचं दार उघडं ठेवून. पोटाचे, बरगड्यांमधले आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू एकाच वेळी कणा सांभाळतात आणि सुराखालचा हवेचा दाबही मोजून सोडतात. हे कसब कुठल्याही व्यायामशाळेत आपोआप येत नाही. म्हणूनच म्युझिकलमध्ये नव्यानं आलेल्या चांगल्या खेळाडूंची कंबर पहिल्या वर्षी धरते. ताकद असते, पण ती श्वास कोंडून वापरायची सवय असते.

श्वास अपुरा पडला की काय होतं, तेही सांगते. शरीर मदतीला मानेचे स्नायू बोलावतं. खांदे वर येतात, हनुवटी पुढे सरकते, स्वरयंत्र वर ओढलं जातं आणि गळा आवळतो. मग तो सूर ताकदीनं मारला जातो. माझ्याकडे 'नाटकाच्या दुसऱ्या अंकात आवाज बसतो' म्हणून पाठवलेल्या कलाकारांपैकी कितीतरी जणांची मूळ अडचण गळ्यात नव्हतीच. त्यांच्या पायांचा दम कमी होता. पहिला अंक संपेपर्यंत धाप वाढायची आणि तिचा दंड गळा भरायचा. दोन महिने सायकल आणि टेकडी चढणं करून घेतलं की आवाज टिकायला लागायचा. (घशाच्या डॉक्टरांकडून तपासणी आधी, हे अर्थातच. आवाज दोन-तीन आठवडे घोगरा राहिला तर कोणीही अंदाजानं व्यायाम करत बसू नये.)

आणि त्या गळ्यावरचा भार तरी किती? स्वरतंतू हे जेमतेम एक-दीड सेंटिमीटर लांबीचे पडदे. मध्य सप्तकातला ४४० हर्ट्झचा सूर गाताना ते सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आपटतात. एका प्रयोगात एखादी प्रमुख भूमिका करणारी व्यक्ती सगळं मिळून २० मिनिटं साधारण या उंचीवर गात असेल असं धरा. पाच लाखांहून जास्त टकरा झाल्या. आठवड्याला आठ प्रयोग म्हणजे चाळीस लाखांच्या वर. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या मुख्य गोलंदाजाचा खांदा आणि कोपर वाचवण्यासाठी त्याचा प्रत्येक चेंडू मोजतात. शंभराच्या आसपास गेला की त्याला उतरवतात आणि पुढचे चार दिवस तो सामन्यात चेंडू टाकत नाही. स्वरतंतूंसाठी असा मोजणारा माणूस मी एकाही विंगेत उभा पाहिलेला नाही. तो असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. ज्युली अँड्र्यूज यांच्यासारख्या गायिकेचा आवाज ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, प्रयोगांच्या काळात बिघडला आणि १९९७ च्या शस्त्रक्रियेनंतर तो गाता गळा परत आला नाही. खेळाडूची कारकीर्द गुडघ्यानं संपली की सगळ्यांना ते दिसतं. गळ्यानं संपलेल्या कारकिर्दी बहुतेक गुपचूप संपतात.

आता दिनदर्शिका. ब्रॉडवे आणि लंडनच्या वेस्ट एंडमध्ये रुळलेली पद्धत आठवड्याला आठ प्रयोगांची आहे. सहा दिवसांत आठ, म्हणजे दोन दिवस दुपारी एक आणि रात्री एक असे दुहेरी. प्रयोग साधारण अडीच तासांचा. वर्षभर चाललेल्या नाटकाचे चारशेच्या पुढे प्रयोग होतात. शेजारी खेळांचे आकडे ठेवा. इंग्लिश प्रीमियर लीगमधला संघ हंगामात ३८ सामने खेळतो. एनबीएमधला बास्केटबॉल संघ ८२. सगळ्यात भरगच्च वेळापत्रक अमेरिकेतल्या बेसबॉलचं, १६२ सामन्यांचं, पण तेही साधारण सहा महिन्यांत आटपतं आणि मग विश्रांतीचा काळ असतो. टेनिसच्या ग्रँड स्लॅम स्पर्धेचा विजेता दोन आठवड्यांत सात सामने खेळतो आणि आपण त्याच्या चिवटपणाचं कौतुक करतो. म्युझिकलचा नर्तकसमूह सहा दिवसांत आठ खेळतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आठ.

ताणाचा हिशेब करायची एक साधी रीत आम्ही खेळाडूंसाठी वापरतो : मिनिटं गुणिले मेहनत. मेहनतीला खेळाडूनं स्वतःच शून्य ते दहा गुण द्यायचे. उदाहरणापुरते आकडे धरून बघू. फुटबॉलपटूचा सामना ९५ मिनिटांचा आणि गुण आठ, म्हणजे ७६०. त्या आठवड्यात ७५ मिनिटांचे चार सराव, प्रत्येकी पाच गुण, म्हणजे आणखी १,५००. एकूण २,२६०. आता नर्तकसमूहातली मुलगी. अडीच तासांपैकी प्रत्यक्ष हालचालीची ८० मिनिटंच धरू, गुण सात. एका प्रयोगाचे ५६०, म्हणजे सामन्यापेक्षा कमीच. प्रशिक्षकांना हे ५६० दिसतात. पण आठ प्रयोगांचे ४,४८० होतात, आणि त्यात शरीर तापवणं, बदली कलाकारांसाठीच्या तालमी, पडद्यामागचे जिने हे काही धरलेलंच नाही. हा हिशेब ढोबळ आहे. तो धक्का मोजत नाही, वेगानं घेतलेलं वळण मोजत नाही. तरी अंदाज येतो.

शरीराला सावरायला वेळ लागतो आणि तो वेळ घाई करून कमी होत नाही. स्नायूंतला साखरेचा साठा पूर्ण रिकामा झाला तर भरायला जवळजवळ एक दिवस लागतो. कंडरांचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांचं, तर आणखी नाजूक आहे : जोराच्या कामानंतर पहिला दिवस-दीड दिवस त्यांच्यात बांधणीपेक्षा मोडतोड जास्त चालते, बांधणी नंतर वरचढ होते. दुपारी उड्या मारून संध्याकाळी पुन्हा त्याच उड्या मारल्या, की टाचेवरची कंडरा मोडतोडीच्या भर काळात परत कामाला जुंपली जाते. खेळांमध्ये प्रशिक्षक कठीण दिवस आणि हलके दिवस आलटून पालटून लावतात, हंगामाचं शिखर ठरवतात, शिखरानंतर उतार देतात. रंगमंचाला शिखर नाही. मंगळवारच्या प्रेक्षकानंही शनिवारच्या प्रेक्षकाइतकेच पैसे मोजलेले असतात.

दुखापतींबद्दल १९९६ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. ब्रॉडवेवरच्या २३ नाटकांतल्या ३१३ कलाकारांना विचारलं, तर निम्म्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के जणांना त्याच नाटकात निदान एक दुखापत झालेली होती, आणि सर्वाधिक दुखापती कमरेखाली, पायांच्या. माझा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. मैदानावरच्या दुखापतीला तारीख आणि वेळ असते : त्या सामन्यात, त्या मिनिटाला. रंगमंचावरच्या दुखापतीची तारीख विचारली की लोक गप्प होतात. ती झिरपत आलेली असते.

झिरपते ती पुनरावृत्तीतून. फुटबॉलपटू हजार वेळा वळतो, पण प्रत्येक वळण जरा निराळं असतं. समूहातली नर्तकी त्याच मात्रेवर, त्याच डाव्या पायावर उतरते, उजवा पाय तितकाच उंच फेकते, त्याच बाजूनं मान वळवते. आठवड्याला आठ वेळा, वर्षाला चारशे वेळा. एका नर्तकाच्या डाव्या खुब्याचं दुखणं मला महिनाभर उलगडलं नव्हतं. शेवटी मी विंगेत उभी राहून तीन प्रयोग पाहिले. प्रेक्षकांना न दिसणाऱ्या एका जागी तो दर वेळी डाव्या पायावर गिरकी घेऊन अंधारात सहा पायऱ्या धावत चढत होता, हातात जड पेटी घेऊन. नाचात काहीच खोट नव्हती, दुखणं त्या पायऱ्यांत होतं. पेटी दुसऱ्याला दिली आणि खुबा पाच आठवड्यांत शांत झाला. तेव्हापासून मी कुठल्याही कलाकाराला तपासताना 'रंगमंचावर काय करतोस' याच्या आधी 'रंगमंचाबाहेर काय करतोस' हे विचारते.

जागेचं आणि कपड्यांचंही ओझं असतं. काही रंगमंच प्रेक्षकांच्या दिशेनं उतरते असतात. बारा फुटांना एक फूट उतार म्हटलं तर पावणेपाच अंश होतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यावर उंच टाचांच्या बुटांत तासभर नाचलं की सगळा भार पंजावर, पोटऱ्यांवर आणि कमरेच्या खालच्या भागावर सरकतो. उड्या झेलताना शरीराच्या वजनाच्या तीन ते पाच पट भार पायांवर येणं काही विशेष नाही, आणि खालची फरशी दरवेळी लवचीक लाकडाचीच असेल असं नाही. वर केसांचा जड टोप, कानाजवळ मायक्रोफोन, पाठीला त्याचं यंत्र, थरांचे कपडे, डोक्यावर तापलेले दिवे. लंडनमध्ये १९८४ साली आलेल्या 'स्टारलाइट एक्स्प्रेस'मध्ये तर कलाकार चाकांच्या बुटांवर धावत गात होते.

आता जी गोष्ट मला सर्वांत जास्त काळजीची वाटते, ती. धावपटू शर्यत संपली की ट्रॅकवर आडवी पडते. तुमची मुलगीही पडत असेल. कोणीतरी पाणी आणतं, कोणीतरी पाय हलवून देतं, आणि ती लंगडली तर ते पाचशे लोकांना दिसतं. रंगमंचावर नाच संपतो तेव्हा शेवटची मुद्रा धरायची असते, छाती उडू द्यायची नसते, आणि टाळ्या थांबल्या की लगेच हळू आवाजातलं एखादं गाणं सुरू करायचं असतं. दमणं लपवणं हे तिच्या कामाचाच भाग आहे. ती ते शिकते, त्यात पटाईत होते, आणि हळूहळू दुखणंही तितक्याच सफाईनं लपवायला लागते. आधी दिग्दर्शकापासून, मग घरच्यांपासून, शेवटी स्वतःपासूनही. जागा जाण्याची भीती त्यात भर घालते. म्हणून ती तीन आठवडे नडगीबद्दल बोलतेय, ही मला चांगली खूण वाटते. ती अजून लपवायला शिकलेली नाही. तिला शिकू देऊ नका.

तयारीकडे येते. ४०० मीटरनं तिला वेग, चपळ पाय आणि वेदनेशी ओळख दिली आहे. दिला नाही तो लांबचा पाया. एक मिनिटात सगळं ओतून थांबायची तिच्या शरीराला सवय आहे, आणि इथे अडीच तास कधीच सगळं न ओतता जगायचं आहे. नाचाचा वर्ग आणि तालीम यांनी हा पाया तयार होत नाही. तिथे थोडं नाचतात, थांबतात, सुधारणा ऐकतात, पुन्हा सुरू करतात, त्यामुळे हृदयाला सलग काम मिळतच नाही, आणि प्रयोगाच्या दिवशी शरीर तालमीपेक्षा वरच्या मागणीला सामोरं जातं. म्हणून नडगी बरी झाल्यावर, आणि तोवर फक्त सायकल किंवा पोहण्यावर, आठवड्यातून दोनदा ३०-४० मिनिटं असा सलग व्यायाम हवा ज्यात पूर्ण वाक्यं बोलता येतील. तिसऱ्या दिवशी गाण्याच्या लांबीचे तुकडे : साडेतीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. हेतू एवढाच की जो नाच आज तिच्या क्षमतेच्या ९० टक्क्यांवर होतो तो ७० टक्क्यांवर यावा. उरलेले २० टक्के गळ्याचे.

त्यानंतर श्वास आणि पाय यांची सांगड. सायकलवर बसून आधी गाण्याचे शब्द नुसते बोलायचे. धाप असताना ओळ कुठे तुटते ते कळतं. आठवडाभरानं तेच गुणगुणायचं, मग हलक्या आवाजात गायचं, मग पूर्ण आवाजात. घाई केली तर गळा आवळून गायची सवय लागते आणि ती सोडवायला वर्ष जातं. नाचाची रचना करणाऱ्यांशी बोलून श्वासाच्या जागा ठरवून घेणं हेही तयारीतच येतं. चांगले नृत्यदिग्दर्शक अशा जागा आनंदानं देतात.

ताकद आठवड्यातून दोनदा. पोटऱ्यांना मी सर्वांत पुढे ठेवते : एका पायावर टाच पूर्ण उचलून सावकाश खाली, न थांबता पंचवीस वेळा दोन्ही पायांनी जमायला हवं. माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या नर्तकांपैकी अनेकांना पंधरालाच थरथर सुटते. मग खुबे, मांड्यांची मागची बाजू आणि कमरेचा आधार, पण मोठ्यानं आकडे म्हणत, श्वास न कोंडता. आणि नाचात जी बाजू कमी वापरली जाते तिच्यावर मुद्दाम दोन पाळ्या जास्त.

तालमीत प्रत्येक वेळी पूर्ण ताकदीनं नाचायचं नाही, पूर्ण आवाजात गायचं नाही. खुणेपुरतं करणं, ज्याला तिकडे मार्किंग म्हणतात, हे आळशीपणाचं लक्षण नाही. धावण्यातून आलेल्या मुलांना ते पटायला सर्वांत जड जातं. प्रयोगानंतर गळा थंड करायला बारीक नळीतून फुंकत पाच मिनिटं हळू गुणगुणावं, पोटऱ्या मोकळ्या कराव्यात आणि तासाभराच्या आत नीट जेवावं. रात्री उशिरा खाऊ नये हा सल्ला तिच्यासाठी नाही. स्नायूंतला साठा रात्रीच भरायचा आहे, कारण उद्या कदाचित दोन प्रयोग आहेत.

जेवणाचा विषय काढला त्याला कारण आहे, आणि इथे नडगी येते.

नडगी दुखण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांतला फरक जाणणं महत्त्वाचं आहे. पहिल्यात नडगीच्या आतल्या कडेनं चार-पाच बोटं रुंदीच्या पट्ट्यात दुखतं, सुरुवातीला ठणकतं, शरीर तापलं की कमी होतं. भार कमी केला, बूट आणि फरशी बदलली की ते बहुधा आटोक्यात येतं. दुसरा प्रकार हाडाला सूक्ष्म तडा जाण्याचा. त्यात एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर दाबलं की मुलगी पाय मागे घेते, नाचताना दुखणं वाढत जातं, आणि पुढे पुढे बसल्या जागी किंवा रात्रीही ठणकतं. तिला बसवून नडगीच्या हाडावरून अंगठा वरपासून खालपर्यंत हळूहळू दाबत न्या. एकाच ठिपक्यावर कळ येत असेल, विशेषतः हाडाच्या पुढच्या कडेवर मध्याच्या आसपास, तर त्या क्षणापासून उड्या आणि धावणं बंद. याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ किंवा क्रीडावैद्यकाचे डॉक्टर गाठा. एका पायावर उड्या मारून बघायला सांगू नका. आणि क्ष-किरण तपासणीत काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. पहिले काही आठवडे ती स्वच्छ येऊ शकते, शंका राहिली तर एमआरआयबद्दल विचारा.

तिला आईनं, किंवा ज्या कोणाशी ती मोकळेपणी बोलते त्यांनी, एक प्रश्न विचारायला हवा : पाळी नियमित येते का? तीन महिने चुकली असेल तर ते डॉक्टरांना नक्की सांगा. शरीर जितकं खर्चतं तितकं खाल्लं गेलं नाही, की ते आधी पाळीवर आणि मग हाडांवर काटकसर करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये खेळाडूंमधल्या या अवस्थेला वेगळं नाव देऊन डॉक्टरांना सावध केलं. नर्तकांत मी ती खेळाडूंइतकीच पाहिली आहे, मुलांमध्येसुद्धा. दिवसभर तालीम, आरशासमोर अंगाला चिकटणारे कपडे, आणि दोन घास कमी खाल्ल्याचं कौतुक करणारं कोणीतरी जवळपास असतंच.

हाडाला तडा निघाला तरी ती गाऊ शकते, कमरेवरचा व्यायाम करू शकते, दुखत नसेल तर सायकल चालवू शकते. पाया भरायचा राहिलाय, तो या आठवड्यांत भरून घ्या. फक्त डॉक्टरांकडे जाताना 'ती नाचते' एवढंच सांगू नका, कारण ते ऐकून बरेच जण छंद समजतात. आठवड्याला किती तास, एका दिवसात साधारण किती उड्या, कुठल्या पायावर, किती उंच टाचेच्या बुटांत, कसल्या फरशीवर, आणि गेल्या दोन महिन्यांत त्यात काय वाढलं, हे सगळं एका कागदावर तिच्याकडूनच लिहून घ्या आणि तो कागद सोबत न्या.